कुनाची गो तू?

मासळीचा वास मला सहन होत नाही, हे आधीच सांगून टाकते. नुसतं नाक मुरडण्यापुरतं नाही, पोटात खरोखर ढवळून येतं. आमचं घर सोलापूरचं, कडक सोवळ्यातलं. लहानपणी एकदा शाळेत कुणाच्या तरी वाढदिवसाला मी अंड्याचा केक खाल्ला, तर आईने मला दारातच थांबवून माझा उजवा हात साबणाने कोपरापर्यंत धुतला होता. त्या आईला घेऊन मी जुन्या पनवेलच्या बाजारात गेले, आणि तिथे जे ऐकलं त्यातून मी अजून पुरती सावरलेली नाही. आता लिहितानाही मधूनच हात थांबतो आणि तोंडातून 'माझी आई?' एवढंच निघतं.

बाबा गेल्यावर आई सोलापुरात एकटीच राहत होती. मी नोकरीनिमित्त पुण्यात. लग्न केलं नाही, त्यामुळे आईला ठेवून घ्यायला कुणाची परवानगी लागणार नव्हती. 'ये माझ्याकडे' म्हणून मी घसा कोरडा केला, पण तिचं उत्तर ठरलेलं: "आणि इथल्या तुळशीला पाणी कोण घालणार?" मग माझी बदली झाली. नवीन पनवेलला फ्लॅट भाड्याने घेतला आणि फोनवर आईला सहज सांगितलं.   ती म्हणाली, "पनवेल? येते मी." आणि तुळस शेजारणीला देऊन खरोखरच आली. तेव्हाच मला शंका यायला हवी होती, पण मी आपली खूश.

आली त्याच संध्याकाळी तिने विचारलं, "गच्चीवर जाता येतं का गं?" एकटीच वर गेली, अंधार पडेपर्यंत थांबली, खाली आली आणि पानावर बसून दोन घास खाऊन उठली. प्रवासाने दमली असेल म्हणून मी सोडून दिलं. पण दुसऱ्या दिवशीही तेच, आठवड्यानेही तेच. ज्वारीची भाकरी केली, शेंगदाण्याची चटणी कुटली, पुरणपोळी केली, मऊ भात केला. ती प्रत्येक वेळी "छान झालंय" म्हणायची आणि ताट सारायची. माझा स्वभाव तापट. मी आधी समजावलं, मग चिडले, मग चक्क ओरडले. ती खाली मान घालून ऐकून घ्यायची. ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागले, बांगड्या कोपरापर्यंत वर जायला लागल्या.

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. रिपोर्टमध्ये काहीही नाही. आईला बाहेर बसवून ते मला म्हणाले, "नव्या जागेत जीव रमत नसेल. बाहेर काढा, बाजारबिजार दाखवा. पण काहीही करून त्यांनी खायला पाहिजे. या वयात उतरलेलं वजन परत येत नाही, आणि मग माणूस हाताला लागत नाही." हे वाक्य मी रिक्षात आईच्या शेजारी बसून मनात घोळवत घरी आले. 

म्हणून रविवारी सकाळी आम्ही जुन्या पनवेलला निघालो. रेल्वे ओलांडून पलीकडे मीही त्याआधी कधी गेले नव्हते. आमच्या सेक्टरमध्ये सगळं आखीव, दुकानंसुद्धा एकाच मापाची. पलीकडे उतरलो आणि मी आ वासून उभीच राहिले. एक अख्खी गल्ली पिवळी होती. हळदीच्या समारंभाला लागणाऱ्या पिवळ्या साड्या, पिवळे झब्बे, पिवळे फेटे, तान्ह्या बाळाचं पिवळं झबलंसुद्धा. एका घरातल्या सगळ्यांनी हळदीला नखशिखांत पिवळं व्हायचं, असा इथला रिवाज आहे म्हणे. दुकानदार मला विचारतो, "ताई, किती माणसांचं काढू? शंभर की दोनशे?" मी घाबरून आईचा दंड धरला.

पुढे मिरच्यांचे ढीग, आणि मसाल्याचे डंक धडाधड मसाला कुटताहेत. प्रत्येक डंकासमोर बायका आपापल्या मिरच्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या. आपलीच मिरची आपल्याच डोळ्यांदेखत कुटून घ्यायची, तिथे कुणाचा कुणावर विश्वास नाही. मला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. आईला काहीच झालं नाही. ती खोल श्वास घेत उभी होती. बांगड्यांचं दुकान, अत्तराचं दुकान, बेकरीतून येणारा भाजलेल्या नानकटाईचा वास. बेकरीवाला म्हणाला, "आइए खाला, गरम है." मी घेतली, आईने कडेचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि उरलेली माझ्या हातात ठेवली.

मग रस्ता चुकला. मी फोन काढून नकाशा बघायला लागले. आई म्हणाली, "ठेव तो फोन. इथून डावीकडे, मग त्या बोळातून."

"तुला काय माहीत?"

ती चालायला लागली. एका कोपऱ्यावर थांबून स्वतःशीच म्हणाली, "इथे टांगे उभे राहायचे. घोड्यांचा हौद होता." तिथे मोबाइलच्या कव्हरांचं दुकान होतं.  मनात म्हटलं, झालं! जेवण सुटलं होतंच, आता भ्रमही सुरू झाला. लग्नापासून सोलापूरबाहेर न पडलेली बाई पनवेलच्या टांग्यांबद्दल बोलते आहे. 'डोक्याच्या डॉक्टरांची वेळ घ्यायला हवी,' असा हिशेब करत मी तिच्यामागे चालत राहिले, आणि बोळ संपला तिथे समोर मासळी बाजार.

मी ओढणी नाकावर धरून बाहेरच थांबले. आई आत गेली. पदर न सावरता, निऱ्या न उचलता, ओल्या फरशीवरून सरळ चालत गेली. मी हाका मारल्या. शेवटी नाक दाबून मला आत शिरावं लागलं. दोन्ही बाजूंना बायका ओट्यांवर बसलेल्या, केसांत गजरे, हातात कोयते, समोर गुलाबी, करडी, चंदेरी मासळी. आई एका ओट्यासमोर थांबली होती. मासळीवाली माझ्याच वयाची असेल, कोपरापर्यंत हिरव्या काचेच्या बांगड्या. तिच्यासमोर हातभर लांबीचा एक चंदेरी मासा आडवा पडला होता.

"घे गो आजी, जितारा हाय," ती म्हणाली. जिताडा हे माशाचं नाव; तिच्या बोलीत 'ड'चा 'र' होतो, खाडीची खारी. "खारीतला. आज सकालचा."

आई वाकली. तिने एका बोटाने माशाच्या गालाचं झाकण उचललं, आत नाक नेलं, अंगठ्याने पोट दाबून पाहिलं. सोवळ्यात नैवेद्याचं ताट मांडणारं ते बोट! 

"सकालचा?" आवाज आला. "कंच्या सकालचा गो?"

मी मागे वळून पाहिलं. माझ्यामागे कुणी नव्हतं. बोलली होती ती आईच.

"आजच्या नं," मासळीवाली म्हणाली.

"खोटा नको बोलू. परवाचा हाय, बरफात घातलेला. कल्ले बघ त्याचं, बामनाच्या आमटीवानी पानचट झालंत."

"ओ आजी, घ्यायचा नसल तर नको घेऊ, माज्या मालाला नावा ठेवू नको. तुमी भाजीवाली मानसा, तुमाला काय जितारा कलनार?"

आईने पदर खोचला. जन्मात मी तिला पदर खोचताना पाहिलं नव्हतं. "मना कलत नाय? मना? तुजा जलम झाला नवता तवा मी बापसाच्या तल्यातून जितारा हातान धरून काढायची. मना शिकवतेस?"

आजूबाजूच्या ओट्यांवर हशा पिकला. एक म्हातारी "आसं सांग तिना!" म्हणून ओरडली.  आईला मी मोठ्याने बोललेलंच फारसं ऐकलं नव्हतं. 'अहो', 'जाहलं', 'आणावयाचं' असं पुस्तकातून उतरवून घेतल्यासारखं तिचं मराठी. शाळेत माझ्या उच्चारांची बाई तारीफ करायच्या, ते उच्चार आईचे. आणि ही समोरची बाई कोण होती?

मासळीवालीने कोयता खाली ठेवला. तिचा राग गेला होता. मान तिरकी करून तिने आईकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "कुनाची गो तू? कंच्या गावची?"

आईचा चेहरा पांढरा पडला. खोचलेला पदर सोडून तिने डोक्यावरून घेतला. "आम्ही सोलापूरचे," ती तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली. "सहज विचारलं हो. चल गं." माझं मनगट धरून ती बाहेर निघाली. मागून मासळीवालीचा आवाज आला, "आजी, सोलापुरात खारी कवा आली गो?" आणि पुन्हा हशा.

रिक्षात मी विचारलं, "आई, ते काय होतं?"

"काय?"

"तू जे बोललीस ते."

"बाजारात बोलावं लागतं तसं," ती म्हणाली आणि बाहेर बघत राहिली.

घरी आल्यावर मात्र मी तिला सोडलं नाही. दार लावलं, चपलाही काढल्या नाहीत, तशीच समोर उभी राहिले. "कोण आहेस तू?" हा प्रश्न मी माझ्या आईला विचारला. आई स्वयंपाकघरात गेली, ओट्याला टेकून खाली फरशीवर बसली आणि सांगायला लागली. डोळ्यांत टिपूस नाही.

ती इथली. पनवेलच्या खाडीवरच्या एका गावातली. मागे डोंगर, पुढे खाडी, मध्ये मिठागरं. बाप मासळी धरायचा, घराला लागून त्याचं तळं होतं, त्यात जिताडे सोडलेले. ती मिठागरावर डोक्यावरून मीठ वाहायची. आणि माझे बाबा, सोलापूरचे, नुकते सरकारी नोकरीला लागलेले, त्या मिठागरावर कारकून म्हणून आले होते.

दोघं पळून गेली. कोर्टात लग्न केलं. मग बाबांनी तिला थेट घरी नेलं नाही. पुण्यात एक खोली घेऊन काही महिने ठेवलं. तिथे रोज संध्याकाळी तिला बोलायला शिकवलं, बिनलसणाचं वरण करायला शिकवलं, सोवळं काय नि ओवळं काय ते शिकवलं. पक्कं झाल्यावर सोलापूरला नेलं आणि माझ्या आजीला सांगितलं: कोकणातल्या एका गरीब भटजींची पोरकी मुलगी आहे. आजीने ओवाळून घरात घेतलं. ती जाईपर्यंत नातेवाइकांना ऐकवत होती, "आमच्या सुनेसारखं सोवळं पाळावं, भटजींचं रक्त आहे शेवटी."

मी भिंतीला टेकून खाली बसले. इतका वेळ ऐकत होते, पण ऐकून काय करायचं ते कळत नव्हतं. मग मला आला तो राग.  "आणि माझा हात?" मी ओरडले. "मी केक खाल्ला तर माझा हात साबणाने धुतलास! तू!"

"तुझा तर धुवायलाच हवा होता," आई शांतपणे म्हणाली. "त्या घरात माझ्यावर कुणाचा संशय आला नसता, असं एकच वागणं होतं. सगळ्यांपेक्षा कडक."

 बाबांनी मासे सोडायला सांगितले होते का, असं मी विचारलं. ती म्हणाली, सांगायला कशाला हवं होतं, घरच तसं. माहेरचं विचारलं. "माझ्या नावाने आंघोळ केली त्यांनी," ती म्हणाली. जिवंत माणूस आपल्यापुरतं मेलं, असं म्हणून घरच्यांनी आंघोळ करायची आणि त्याचं नाव टाकायचं. मिठागरावरच्या एका माणसाने बाबांना हे सांगितलं होतं. त्यानंतर तिने तिकडे पाऊल टाकलं नाही की कुणाला विचारलं नाही.

"मग आता कशाला आलीस इथे?"

"गच्चीवरून डोंगर दिसेल म्हणून," आई म्हणाली. "घरी कोण घेणार होतं? पण लांबून डोंगर तरी दिसेल, असं वाटलं. वर गेले तर डोंगरच नाही. वॉचमनने सांगितलं, सपाट केला. तिथून विमानं उडतात आता. गाव उठवलं, लोक दुसरीकडे नेले, तळी भरून टाकली."  "मी त्यांच्यासाठी मेले होते ते ठीक होतं गं. ती माणसं, ते घर जागेवर होतं, म्हणून मी कुठली तरी होते. आता गावच नाही. घास घशाखाली उतरत नाही. मुद्दाम करत नाही मी."

तो आठवडा कसा गेला ते मला नीट सांगता येणार नाही. ऑफिसात कुणी 'मूळच्या कुठल्या तुम्ही?' असं सहज विचारलं तरी मी दचकायचे. बाबांच्या फोटोकडे बघितलं की चीड यायची. केवढं धाडस आणि केवढा खोटेपणा, दोन्ही एकाच माणसात! घरी आले की आईकडे चोरून बघायचे, ही खरी कशी बोलते, कशी बसते. आणि तिचं खाणं आणखी कमी झालं होतं. आता दोन घासही नाहीत, नुसतं ताक. एका रात्री मी मनाचा हिय्या करून म्हटलं, "आई, मासा आणू का? मी आणते. इथेच कर."

"तुझ्या स्वयंपाकघरात? वेड लागलंय का?" ती म्हणाली. मग माझा चेहरा बघून हळू म्हणाली, "मासा नकोय मला. मासा खायचा असता तर बाबा गेल्यावर खाल्ला नसता का?"

म्हणजे तोही उपाय नव्हता. डॉक्टरांचं वाक्य मला झोपू देत नव्हतं. आईवर रागवायलाही मला सवड मिळाली नाही, इतकी मी घाबरले होते.

पुढच्या रविवारी मी उठले तर आई आंघोळ करून, जांभळी इरकल नेसून दाराशी उभी. "चल," म्हणाली.

"कुठे?"

"तिने विचारलं होतं. मी उत्तर न देता आले." तिने भिंतीचा आधार घेतला, उभं राहूनच दम लागत होता तिला. "सोलापुरात सगळे कुणाची सून, कुणाची बायको एवढंच विचारायचे. कुणाची तू, असं एवढ्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं मला. एकदा सांगून टाकते. काय व्हायचं ते होऊ दे."

मी विरोध केला नाही. रिक्षा थेट बाजाराच्या तोंडापर्यंत नेली. मासळीवालीने आम्हाला लांबूनच ओळखलं. "ये गो सोलापूरकरीन! आज बघ, ताजा हाय, नाक घालून बघ!" आई ओट्याजवळ गेली. माशाकडे तिने पाहिलंच नाही. दोन्ही हात ओट्याच्या कडेला टेकून तिने गावाचं नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, आणि म्हणाली, "तल्यावरच्या घरातली. मी त्याची धाकली."

मासळीवालीचा कोयता तसाच हातात राहिला. ती त्याच गावची सून निघाली. हसली नाही ती. उलट चिडून म्हणाली, "आसं नको बोलू आजी. मेलेल्याचा नाव घेऊन मस्करी करू नये."

"कोन मेली?"

"तल्यावरची धाकली. ती तर खारीत बुडाली. भरतीच्या पान्यात. माजी सासू सांगायची, दोन दिस सगला गाव होऱ्या घेऊन शोधत हुता, पन नाय गावली."

आईचा तोल गेला. मी तिला धरलं.  पोरगी पळून गेली हे सांगण्यापेक्षा बुडाली सांगणं घरच्यांना सोपं गेलं असणार. आणि गावाने ते खरं मानून तिला खाडीत शोधलं होतं.

आई ओट्याच्या पायरीवर बसली आणि तिथून मान वर करून बोलायला लागली. तळ्याच्या काठाला कुठलं झाड होतं, तिच्या आयशीने कुणाच्या लग्नात कुणाशी भांडण काढलं होतं, मासळीवालीच्या सासूला गावात कोणत्या नावाने चिडवायचे. ते नाव ऐकल्यावर मात्र मासळीवालीने कोयता ठेवून दिला आणि ओल्या हातानेच स्वतःचं तोंड झाकलं. शेजारची म्हातारी उठून आली. तिने आईची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, पाहिलं आणि म्हणाली, "बापाचा नाक हाय."

"भाऊस कुटं हाय माजा?" आईने विचारलं.

"गेला. लय वरसं झाली." मासळीवाली ओट्यावरून उतरून तिच्याशेजारी येऊन बसली. "पन तुजी भावजय हाय. नव्या वसाहतीत ऱ्हाते. ती अजून तुजा पान ठेवते गो पित्रांत."

पितृपक्षात गेलेल्या माणसांच्या नावाने पान वाढून घराबाहेर ठेवतात, ते आमच्याकडेही असतं. खीर, वडे, आमसुलाची चटणी. आई दरवर्षी सोवळ्यात करायची, माझ्या आजोबांसाठी, मग आजीसाठी, मग बाबांसाठी.

"माजा पान?" आई म्हणाली. "काय ठेवते?"

"काय म्हंजे? जितारा. रस्सा नि डोका. तुना डोका आवडायचा बोलतात नं. भाऊस जिता हुता तवा सोता यायाचा, माज्या सासूपाशी मोठ्यातला मोठा निवडून घ्यायाचा. डोका पैला भैनीच्या पानावर, मंग घरात जेवान. आता भावजय ठेवते. घर तुटला, गाव हलला, पन पान नाय चुकवला तिनं."

"तिनं तर मना बघलीपन नाय."

"नाय बघली. तरीपन ठेवते."

त्या दिवशी मला बसलेले धक्के मी क्रमाने सांगू शकेन, पण याच्याएवढा कुठलाच मोठा नव्हता. सोलापूरच्या अंगणात आई ज्या दुपारी आमच्या पितरांना खीर वाढत होती, त्याच पंधरवड्यात कधीतरी इथे खाडीकाठी तिच्या नावाचं ताट मांडलं जात होतं. ती जिवंत असून तिच्या घासाला जे कधी आलं नाही, ते तिला मेलेली समजून इथे वर्षानुवर्षं वाढत होते. मला रडू फुटलं. भर बाजारात, नाकावरची ओढणी कधी खाली आली तेही मला कळलं नाही.

आई मात्र रडत नव्हती. ती कसला तरी विचार करत होती. मग तिने विचारलं, "नि खातं कोन ते?"

"कावले खातात. आनखी कोन?"

"म्हंजे येवरी वरसं माजा डोका कावल्यांनी खाल्ला!" आई म्हणाली, आणि हसायला लागली. मासळीवाली हसली, म्हातारी हसली. आई हसता हसता धापा टाकायला लागली. मी पाण्याची बाटली पुढे केली, ती तिने बाजूला सारली.

"मना भूक लागली," ती म्हणाली.

मासळीवालीने ओट्याखालून आपला डबा काढला. तांदळाच्या भाकऱ्या आणि बोय माशांचा लालभडक रस्सा. हात धुवायला पाणी दिलं आणि डबा आईच्या मांडीवरच ठेवला. आईने भाकरी मोडली, रश्शात बुडवली, तोंडात घातली आणि डोळे मिटले. मग दुसरा घास, मग तिसरा. आजूबाजूला माशांची खवलं, बर्फाचं पाणी, कुणीतरी ओरडून भाव करतंय, आणि माझी आई इरकल नेसून पायरीवर बसून काटे काढत जेवते आहे. माझ्या पोटात ढवळत होतं, खोटं कशाला सांगू. पण मी तिथून हलले नाही.

मासळीवालीने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "काकी," ती ओरडली, "यंदा धाकलीचा पान ठेवू नको."

पलीकडून म्हातारा, थकलेला आवाज आला. "का गो? काय झाला?"

"ती हितं बसलीय माज्यापाशी. तुजी नणंद. जिती हाय. माजी भाकर खाते हाय."

 मासळीवालीने फोन कानाला लावून पाहिला. मग तो आवाज पुन्हा आला, आता रडका, आणि त्याने एवढंच विचारलं, "डोका दिलास का तिना?"

आईने मान वर केली नाही. ती दुसरी भाकरी मोडत होती.